चार नंबरचा मॉनिटर रोज रात्रीच का ओरडतो? : बाळाचं सॅच्युरेशन आणि पल्स ऑक्सिमीटरच्या तक्रारी

चार नंबरच्या वॉर्मरवरचा, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावरचा, मॉनिटर सलग तीन रात्री ओरडत होता. बाळ ३३ आठवड्यांचं, दीड किलोचं. श्वासाचा त्रास निवळलेला, नळीने दूध चालू. दिवसभर सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तात किती टक्के ऑक्सिजन भरलाय त्याचा, आकडा ९५-९६, आणि रात्री अकरानंतर ८४, ७९, ८८, मधूनच नुसत्या रेघा. पहिल्या रात्री ‘प्रोब गेलाय’ म्हणून प्रोब, म्हणजे बाळाच्या पायाला बांधायची मोजणारी पट्टी, बदलला. दुसऱ्या रात्री ‘मशीनच जुनं झालंय’ म्हणून रिकाम्या बेडचा मॉनिटर आणून लावला. तिसऱ्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावायला सांगितला, आकडा सुधारेना म्हणून वाढवला. सकाळी दिवसपाळीच्या सिस्टरने प्रोब सोडून नव्याने बांधला, तर आकडा १००. ऑक्सिजन मात्र तसाच चालू.

मी गेली सोळा वर्षं एसएनसीयूत, म्हणजे लोक ज्याला ‘काचेत ठेवलंय’ म्हणतात त्या कक्षात, सिस्टर आहे. ‘सॅच्युरेशन मेंटेन होत नाही’ हे वाक्य ऐकलं नाही अशी रात्र आठवत नाही. नवीन रुजू झालेल्या सिस्टर्स आणि इंटर्न हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. चार नंबरचं काय झालं तेही ओघात येईलच.

आधी बाळ, मग पाय, मग मशीन

अलार्म झाला की आपला हात आपोआप मॉनिटरकडे जातो. तो हात आधी बाळाकडे जाऊ दे. जीभ आणि ओठांच्या आतला रंग बघा. हातपाय बघू नका, ते पहिल्या एक-दोन दिवसांत निरोगी बाळाचेही निळसर असतात. छाती आत ओढली जातेय का, बाळ कण्हतंय का, श्वास थांबलाय का? स्टेथोस्कोप लावून ठोके मोजा. यातलं काहीही बिघडलेलं असेल तर प्रोब गेला खड्ड्यात. मान नीट करा, श्वासाची वाट मोकळी करा, ऑक्सिजन द्या, डॉक्टरांना हाक मारा. ही पोस्ट नंतर वाचा.

बाळ ठीक दिसतंय? तरी ‘आकडा खोटा’ म्हणून लगेच मोकळं होऊ नका. नवीन मंडळी इथेच फसतात. आपल्या डोळ्यांना निळेपणा बऱ्याच उशिरा दिसतो. ८५ सॅच्युरेशनचं बाळ गुलाबी वाटू शकतं, आणि सावळ्या किंवा रक्त कमी असलेल्या बाळात तर रंगावरून ओळखणं आणखी कठीण. म्हणून निवाडा रंगावर सोडायचा नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर मॉनिटरवर उमटणारी लहर बघायची. लहर सारख्या उंचीची, एकामागून एक नीट येतेय, आणि मॉनिटरवरचे नाडीचे ठोके तुम्ही स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळतायत, तर तो आकडा खरा धरायचा, बाळ कितीही गोंडस गुलाबी दिसो. लहर वेडीवाकडी असेल, किंवा बाळाचे ठोके १४० आणि मॉनिटर ७२ सांगत असेल, तर मॉनिटरला नाडी सापडलेलीच नाही. जी नाडी सापडली नाही तिच्यातला ऑक्सिजन तो कुठून मोजणार?

८५ च्या आसपासच का घुटमळतो

हे कळलं की निम्म्या तक्रारी आपल्या आपण सुटतात. प्रोबच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० च्या आसपासचा. समोरच्या बाजूला प्रकाश टिपणारा डोळा. ऑक्सिजन असलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, नसलेलं जास्त शोषतं. अवरक्तात उलट. पण पायात रक्ताशिवाय कातडी आहे, हाड आहे, शिरांतलं रक्त आहे. मग धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? तर ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच मोजायचा, बाकीचा सोडून द्यायचा.

ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. ते निहोन कोहडेन कंपनीत कानाच्या पाळीवरून हृदयाचं रक्त फेकण्याचं प्रमाण मोजू पाहत होते, आणि नाडीची थरथर त्यांच्या मोजणीत सारखी मध्ये येत होती. ती काढून टाकता टाकता त्यांच्या लक्षात आलं, की हवी ती माहिती या थरथरीतच आहे. आज जगातल्या बहुतेक ऑपरेशन थिएटरांत ही थरथर मोजली जाते.

मॉनिटर लाल आणि अवरक्त या दोन्हींमधल्या चढउतारांचं गुणोत्तर काढतो. ते १ आलं की पडद्यावर साधारण ८५ दिसतात. आता पाय झाडल्यामुळे किंवा प्रोब हलल्यामुळे दोन्ही प्रकाशांत सारखाच गोंधळ शिरला, तर गुणोत्तर १ कडेच ओढलं जाणार. म्हणजे लहर खराब आणि आकडा ८०-८८ च्या घरात घुटमळतोय, तर पहिला संशय गोंधळावर घ्यायचा. खरोखर सॅच्युरेशन पडणारं बाळ सहसा असं घुटमळत नाही. ते उतरतं, बरेचदा श्वास थांबल्यावर, आणि पाठोपाठ ठोकेही कमी होतात.

आणखी एक. चांगल्या लहरीवरही यंत्राची अचूकता कंपन्या नवजात बाळांसाठी साधारण अधिक-उणे ३ अशी देतात, आणि तीही सुमारे दोन तृतीयांश वेळांपुरती. शिवाय ७० च्या खालचे आकडे बहुतेक अंदाजाचे, कारण ही यंत्रं निरोगी मोठ्या माणसांवर बेतलेली असतात आणि त्यांना त्याखाली कोणी नेत नाही. त्यामुळे ९३ की ९१ यावर हँडओव्हरला भांडणं करू नका.

पायापाशी काय बिघडतं

सगळ्यात उपयोगी चाचणी आधी सांगते, कारण ती फुकट आहे. प्रोब बाळाच्या पायावरून काढा, पुसा, आणि स्वतःच्या करंगळीला गुंडाळा. सुंदर लहर आणि ९७-९८ आले? मग प्रोब, केबल, मॉनिटर सगळं शाबूत आहे आणि भानगड बाळाच्या पायाशी आहे. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा हेच निघतं. चार नंबरच्या बाबतीत हे तिन्ही रात्री कोणी केलं नाही. नाहीतर मॉनिटर ओढत आणायचे वॉर्डबॉय मामांचे कष्ट वाचले असते.

पट्टी घट्ट. हा आपला राष्ट्रीय आजार आहे. बाळ पाय झाडतं, प्रोब निघतो, म्हणून रात्रपाळीत चिकटपट्टीचे दोन वेढे करकचून मारले जातात. घट्ट बांधल्यावर रक्त शिरांमधून परत जाऊ शकत नाही, शिरा तुंबतात आणि त्याही ठोक्याबरोबर थरथरायला लागतात. मॉनिटरला ते रक्त धमनीचंच वाटतं, आणि त्यात ऑक्सिजन कमी असतो. आकडा खाली. आणखी घट्ट केलं तर नाडीच दबते आणि नुसत्या रेघा दिसतात. प्रोबखाली बोट सरकत नसलं तरी कातडीवर वळ उठता कामा नये, एवढं माप लक्षात ठेवा. प्रोबच्या पट्टीवर वरून वेगळी चिकटपट्टी मारायचीच नाही. निघू नये म्हणून वरून सैल मोजा चढवा. मोजा थोडाफार प्रकाशही अडवतो.

जागा दर तीन-चार तासांनी बदला, अगदी लहान बाळाची दर दोन तासांनी. आम्ही हे लंगोट बदलण्याशी जोडलंय : लंगोट बदलला की प्रोबचा पायही बदलला. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. न बदललेल्या प्रोबखाली फोड आलेला मी पाहिलाय, आणि तो आईला दाखवताना शब्द सापडत नाहीत.

दिवा आणि डोळा बरोबर समोरासमोर हवेत. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली, तळपाय आणि वरचा भाग यांच्यामधून प्रकाश आरपार गेला पाहिजे. एक बाजू सरकली की थोडा प्रकाश पायातून न जाता बाजूने निसटतो आणि आकडा भलताच येतो. मोठ्यांच्या बोटाला लावायचा चिमटा बाळाच्या पायाला लावला की हेच होतं.

पायावर काय लागलंय तेही बघा. जन्मानंतरचा पांढरा चिकट थर, वाळलेलं रक्त, तेल. आणि आपल्याकडचा खास मुद्दा म्हणजे केसपेपरवर पायाचा ठसा घेतल्यावर तळव्यावर राहिलेली शिक्क्याची शाई. निळी शाई लाल प्रकाश गिळते. ठसा घेतलात तर पाय पुसा, नाहीतर दुसऱ्या पायाला प्रोब लावा. घरून आलेल्या बाळाच्या पायात काळा दोरा किंवा वाळे असतात. आजीला विचारून सोडवा. दोरा उशीखाली ठेवला तरी दृष्ट लागत नाही हे सांगायला कक्षातल्या मावशींना पुढे करा, त्यांचं आजी लगेच ऐकतात.

प्रकाश. काविळीसाठीच्या फोटोथेरपीचा निळा झोत, वॉर्मरचा दिवा, सुई लावताना पायावर वळवलेला लॅम्प. प्रोबचे दिवे आळीपाळीने लागतात आणि मध्ये दोन्ही बंद होतात. त्या क्षणी मॉनिटर बाहेरचा उजेड मोजून वजा करतो. पण उजेडाचा झोत थेट प्रोबच्या डोळ्यावर आला की ही वजाबाकी कोलमडते. उपाय दोन मिनिटांचा आहे : प्रोबवर गडद, अपारदर्शक कापड किंवा जाड मोजा. पातळ पांढरा गॉज पुरत नाही.

आता चार नंबर. ते बाळ दिवसा आईकडे कांगारूत, म्हणजे तिच्या उघड्या अंगाला बिलगून, असायचं. पाय तिच्या पोटाशी, पदराखाली, ऊबदार आणि झाकलेले. आकडा ९६. रात्री आई वॉर्डात झोपायला गेली की बाळ फोटोथेरपीखाली यायचं, प्रोब उघड्या पायावर, आणि तो निघू नये म्हणून वरून चिकटपट्टी. म्हणजे कारणं दोन होती आणि दोन्ही रात्रीचीच. पहिल्या रात्री प्रोब बदलला तोही तसाच घट्ट बांधला. दुसऱ्या रात्री मॉनिटर बदलला, झोत तिथेच. चौथ्या दिवशी मी रात्री आले, पट्टी काढली, मोजा घातला, आणि आकडा ८४ वरून ९१ ला आला. तिथेच थांबले असते तर ‘बाळाला थोडा ऑक्सिजन लागतोच’ असं ठरलं असतं. मोज्यावर काळं कापड टाकलं तेव्हा ९६.

थंड पाय. हे कारण साधं दिसतं पण सगळ्यात धोक्याचं आहे. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार, म्हणजे बाळ खरोखर थंड पडलंय. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ हवं. थंड बाळ पायाकडचं रक्त आखडून घेतं आणि प्रोबला नाडी मिळत नाही. ऊब द्या, एसी बघा, आईला बोलावून कांगारू द्या, टोपी-मोजे घाला. पण बाळ गरम असूनही प्रोब पकडत नसेल, चारही हातपायांवर पकडत नसेल, तर ‘प्रोब पकडत नाही’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. छातीवरची कातडी बोटाने दाबून सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. ३ सेकंदांहून जास्त लागला तर रक्ताभिसरणच कमी पडतंय, आणि जंतुसंसर्गाची ती पहिली खूण असू शकते. अशा वेळी मशीन खोटं बोलत नसतं. डॉक्टरांना लगेच बोलवा.

बीपीचा पट्टा ज्या पायाला त्याच पायाला प्रोब लावला तर पट्टा फुगेल तेव्हा आकडा जाणारच. हे समजावून सांगायची गरज नसावी, पण लागते.

हातावर ९७, पायावर ९०

ही तक्रार वेगळी आहे. ‘एक पाळी ९७ लिहिते, दुसरी ९०, मशीन उड्या मारतंय.’ मशीन उड्या मारत नाही, प्रोब हातावरून पायावर गेलाय. गर्भात फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी नळी जन्मानंतर बंद व्हायला वेळ लागतो. फुप्फुसातला दाब जास्त असेल, उदाहरणार्थ आईच्या पोटात केलेली शी श्वासात गेलेल्या बाळात, तर त्या नळीतून निळं रक्त खालच्या अंगाला जातं. उजव्या हाताला मेंदूला जाणारंच रक्त मिळतं, त्यामुळे तिथला आकडा चांगला. डावा हात भरवशाचा नाही, त्याची धमनी त्या नळीच्या जवळून निघते. नोंदवहीत म्हणूनच आकड्याबरोबर जागा लिहा : ‘उ. हात ९७’, ‘पाय ९०’. हातापायातला फरक ३ पेक्षा जास्त असेल आणि दोन्हीकडची लहर चांगली असेल तर ती बातमी आहे.

याच फरकावर हृदयाच्या जन्मजात दोषांची चाचणी उभी आहे. २४ तास उलटल्यावर उजवा हात आणि कोणताही एक पाय मोजायचा. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पेक्षा अधिक नाही, तर ठीक. कुठेही ९० च्या खाली, तर लगेच डॉक्टर.

आणि प्रसूतिगृहात? तिथे पहिल्याच मिनिटाला ९५ शोधू नका. निरोगी बाळाचाही उजव्या हाताचा आकडा पहिल्या मिनिटाला ६०-६५, पाचव्याला ८०-८५ असतो, आणि ८५-९५ व्हायला दहा मिनिटं लागतात. ‘मशीन ६५ दाखवतंय, खराब आहे’ असं म्हणून बाजूला ठेवलेलं यंत्र मी स्वतः परत लावलेलं आहे. प्रोब आधी हाताला लावायचा आणि मग केबलला जोडायचा, आकडा लवकर येतो.

न ओरडणारा अलार्म

१०० दिसलं की सगळे खूश. मला मात्र ऑक्सिजनवरच्या बाळाचे १०० बघून ८५ पेक्षा जास्त धास्ती वाटते. हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की आकडा १०० वर थांबतो, मग रक्तातला ऑक्सिजन आणखी कितीही वाढो, यंत्राला ते कळत नाही. तो जादा ऑक्सिजन अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. म्हणून ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात ९० ते ९५ धरायचं. आमच्याकडे अलार्म खाली ८९ ला आणि वर ९५ ला लावतात. वरचा अलार्म बहुतेक ठिकाणी बंद केलेला सापडतो, कारण तो सारखा वाजतो. वाजू दे. वाजला की ऑक्सिजन थोडा कमी करा. साध्या हवेवरच्या बाळात मात्र १०० आले तर काहीच बिघडत नाही, तिथे वरचा अलार्म नको.

चार नंबरच्या बाळाला काही तास नको असलेला ऑक्सिजन मिळाला. २००० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचं बाळ असल्याने त्याची डोळ्यांची तपासणी तशीही जन्मापासून ३० दिवसांच्या आत ठरलेलीच होती. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लाल पेनने लिहा, आणि आईबरोबर बाळाच्या मामालाही सांगा, गाडी करून तोच आणणार असतो.

अलार्म फार होतात म्हणून कोणी सरासरीचा कालावधी, म्हणजे किती सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवायचा तो, वाढवून ठेवतं. आमच्या यंत्रांत तो २ ते १६ सेकंद ठेवता येतो. वाढवला की पडदा शांत होतो, पण छोटी घसरण दिसेनाशी होते. बाळाचं सॅच्युरेशन पडून सावरेपर्यंत आकडा तसाच. कोणी बदललाय का ते बघा, विशेषतः मॉनिटर दुसऱ्या वॉर्डातून आला असेल तर.

करंगळीवरही आला नाही तर

मग वस्तू खराब आहे. शेजारचा चालू प्रोब लावून बघा. त्यावर आला तर प्रोब गेला. नाही आला तर मधली लांब केबल बदला. तरी नाही, तर मॉनिटर. केबल बहुतेक जोडाच्या तोंडाशीच तुटते. तिथे हळूच वाकवा, आकडा ये-जा करतो का बघा. लाल दिवा डोळ्यांना दिसतो, अवरक्त दिसत नाही. तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून फिकट जांभळा चमकतो. आधी टीव्हीच्या रिमोटवर कॅमेरा तपासून घ्या, सगळ्या फोनना दिसत नाही.

पिन बसते म्हणून प्रोब चालतोच असं नाही. दोन कंपन्यांची जोडणी सारखी दिसते, आतली तार आणि दिव्यांची नोंद वेगळी असते. आकडा येतो, पण चुकीचा येतो, आणि न येण्यापेक्षा ते वाईट. खरेदीत स्वस्त ‘कंपॅटिबल’ प्रोब आले असतील तर आधी करंगळीवर, जुन्या प्रोबशेजारी लावून पडताळा.

प्रोब स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पाण्यात बुडवू नका, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करू नका. चिकटपट्टीचा गोंद दिव्यावर साचला असेल तर तो खरवडू नका, ओल्या बोळ्याने थोडा वेळ भिजवा. केबल मॉनिटरभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करून टांगा.

घरी आल्यावर कोविडच्या वेळचा बोटाचा चिमटा बाळाच्या बोटाला लावून ‘८२ येतोय सिस्टर’ असे फोन येतात. तो चिमटा मोठ्यांच्या बोटाचा आहे, बाळाचं बोट त्यात मावत नाही आणि प्रकाश बाजूने निसटतो. त्यावर विसंबून घाबरू नका, आणि त्यावर ९८ आले म्हणून निर्धास्तही राहू नका. दूध ओढत नाही, छाती ओढली जातेय, ओठ-जीभ निळी, बाळ मलूल : चिमटा न लावता दवाखाना गाठा.

यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बायोमेडिकलच्या मुलाला मशीनवर ‘खराब आहे’ एवढीच चिठ्ठी लावून पाठवू नका. तो त्याच्या बोटाला लावतो, ९८ येतात, आणि मशीन परत येतं. चार नंबरचा मॉनिटर असाच दोनदा परत आला. चिठ्ठीवर लिहा : कोणता बेड, किती वाजता, प्रोब कुठे होता, फोटोथेरपी चालू होती का, स्वतःच्या करंगळीवर काय आलं.